सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून: लिपोपेप्टाइड औषधांची तारेवरची कसरत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘बरं का’ आणि ‘म्हणजे बघा’ मी थोडे कमी केलेत. सगळे नाही.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. प्रश्न असा: साबणाने जिवाणू मरतात, सॅनिटायझरने मरतात, फिनेलने मरतात. मग एक नवीन अँटिबायोटिक शोधायला इतकी वर्षं का लागतात?

प्रश्न झकास आहे, आणि उत्तर एका वाक्यात देता येतं. जिवाणू मारणं सोपं आहे. जिवाणू मारताना माणूस न मारणं अवघड आहे. फिनेल जिवाणूंना मारतं, पण ते कुणी शिरेतून टोचत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, सुक्याबरोबर ओलंही जळतं. औषध बनवणाऱ्यांचं सगळं आयुष्य ते ओलं वाचवण्यात जातं.

आज ही गोष्ट मी एका खास कुटुंबातून सांगणार आहे. कुटुंबाचं नाव लिपोपेप्टाइड. यातलं एक औषध आज भारतातल्या कितीतरी आयसीयूंमध्ये शेवटचा पर्याय म्हणून वापरलं जातं. बाकी सगळी अँटिबायोटिक्स हरली की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. आणि ते देताना रोज रुग्णाचं क्रिएटिनिन तपासत राहतात, कारण हेच औषध किडनीला इजा करू शकतं. त्या औषधाचं नाव कोलिस्टिन.

माळ आणि शेपूट

लिपोपेप्टाइड म्हणजे काय? नावातच दोन तुकडे आहेत. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. प्रथिनांमध्ये असे शेकडो मणी असतात, इथे मोजकेच. लिपो म्हणजे स्निग्ध, तेलकट. या माळेच्या एका टोकाला मेदाम्लाचं शेपूट जोडलेलं असतं. खोबरेल तेलात, तुपात जी मेदाम्लं असतात, त्याच जातकुळीतलं.

कोलिस्टिन आणि त्याचा सख्खा भाऊ पॉलिमिक्सिन बी यांच्या माळेत दहा मणी आहेत. त्यातल्या सात मण्यांचं गोल कडं, तीन मण्यांची दोरी आणि दोरीच्या टोकाला शेपूट. किल्लीच्या रिंगला छोटी दोरी बांधलीये आणि दोरीच्या टोकाला तेलकट गोंडा आहे, असं डोळ्यासमोर आणा. दहापैकी सहा मणी एकाच प्रकारचे आहेत. त्यातला एक कडं जोडण्यात अडकलेला असतो, उरलेल्या पाचांवर शरीरातल्या पाण्यात धन विद्युतभार असतो. हे पाच ‘प्लस’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हे रेणू माणसाने शोधले, बनवले नाहीत. मातीत राहणारे काही जिवाणूच शेजाऱ्यांशी भांडायला ते तयार करतात. पॉलिमिक्सिनचा शोध १९४७ मध्ये लागला आणि पुढच्या काही वर्षांत जपानमध्ये कोलिस्टिन सापडलं.

जिवाणू ओळखतो कसा?

आता मुख्य प्रश्न. या रेणूला कसं कळतं की समोर जिवाणू आहे, आपली पेशी नाही?

त्याला काहीच कळत नाही. त्याला फक्त प्लस आणि मायनस कळतं.

आपल्या पेशीचं बाहेरचं पटल बाहेरच्या बाजूने जवळपास तटस्थ असतं, आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे ते जरा घट्ट विणीचं असतं. जिवाणूचं पटल मात्र ऋणभारित असतं, आणि कोलेस्टेरॉल त्यात नसतं. ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या जिवाणूंना तर बाहेरून आणखी एक पटल असतं. क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे आयसीयूतले कुप्रसिद्ध त्रिकूट याच गटातलं. त्यांच्या बाहेरच्या पटलावर फॉस्फेटचे मायनस भार दाटीवाटीने बसलेले असतात. ते एकमेकांना ढकलू नयेत म्हणून मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे कण असतात. विटांमधला सिमेंट म्हणा.

कोलिस्टिन पाच प्लस घेऊन येतं, मॅग्नेशियम-कॅल्शियमला धक्का देऊन बाजूला सारतं आणि त्या जागी स्वतः बसतं. सिमेंट निघालं. मग तेलकट शेपूट पटलाच्या तेलकट भागात घुसतं, वीण उसवते, हळूहळू आतलं पटलही जातं आणि जिवाणू संपतो.

म्हणजे काम दोन टप्प्यांचं आहे. प्लस भार पत्ता शोधतो, शेपूट दार फोडतं. हेच वाक्य आजच्या भागाचा कणा आहे. कारण पत्ता चुकला तरी शेपूट दार फोडतंच, आणि ते दार आपलंही असू शकतं.

किडनीच का?

कोलिस्टिन १९५० आणि ६० च्या दशकांत वापरात होतं. मग किडनीच्या आणि मज्जातंतूंच्या तक्रारी वाढल्या, दरम्यान कमी त्रासाची अँटिबायोटिक्स आली आणि डॉक्टरांनी हळूहळू ते बाजूला ठेवलं. १९९० नंतर ती नवी औषधं निकामी ठरायला लागली, तेव्हा माळ्यावर टाकलेली जुनी हत्यारं खाली काढावीत तसं कोलिस्टिन परत आलं. हत्यार परत आलं, पण त्याचा त्रासही बरोबर आला.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेत कोलिस्टिन आपल्या रक्तपेशींवर टाकलं तर त्या फारशा फुटत नाहीत. मग किडनीला इजा का होते?

कारण किडनी काटकसरी आहे. रक्त गाळताना जे कामाचं खाली गेलं ते ती परत उचलून घेते. गाळणीनंतरच्या नळीतल्या पेशींवर यासाठी उचलणारे हात असतात. त्यातल्या एका मोठ्या प्रथिनाचं नाव मेगॅलिन. या हातांना प्लस भाराचे पेप्टाइड फार आवडतात. कोलिस्टिन लघवीत जायला निघालेलं असतं, आणि किडनी ते पुन्हा पुन्हा आत ओढून घेते. रक्तात थोडंच असलेलं औषध त्या पेशींमध्ये साठत जातं, आणि अखेर पेशीची ऊर्जाकेंद्रंच बिघडतात. किडनीला इजा होते ती तिच्या जपून ठेवण्याच्या सवयीमुळे. अनेक रुग्णांत औषध थांबवल्यावर किडनी सावरते. पण ज्याला जंतुसंसर्गाने आधीच घेरलंय, त्याच्यासाठी औषध थांबवणं हा सोपा निर्णय नसतो.

आणि इथेच खरी कोंडी आहे. पेनिसिलिनसारख्या औषधात जिवाणू जरा चिवट निघाला तर डोस बराच वाढवायला जागा असते. कोलिस्टिनमध्ये ती जागा जवळपास नाही. डॉक्टर रक्तात लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम एवढी पातळी गाठायचा प्रयत्न करतात. त्याच्या थोडं वर गेलं की किडनीचा धोका वाढायला लागतो, आणि खाली राहिलं तर जिवाणू जगतो. तारेवरची कसरत म्हणतात ती हीच.

मोजायचं कसं?

प्रयोगशाळेत हा तोल कसा मोजतात, ते बघू. फार अवघड नाही.

पहिली चाचणी जिवाणूंची. ९६ छोट्या खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. पहिल्या खळग्यात औषध जास्त, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्या निम्मं. ६४, ३२, १६, ८ असं उतरत जायचं. सगळ्यांत सारखेच जिवाणू टाकायचे आणि रात्रभर उबेला ठेवायचं. सकाळी जिथे पाणी गढूळ तिथे जिवाणू वाढले, जिथे स्वच्छ तिथे नाही. सगळ्यात कमी औषध असलेला स्वच्छ खळगा म्हणजे तुमचा आकडा. याला एमआयसी म्हणतात. तो जितका लहान तितकं औषध जोरदार.

दुसरी चाचणी आपल्या बाजूची. धुतलेल्या लाल रक्तपेशींवर तेच औषध टाकायचं. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन बाहेर येतं आणि वरचं पाणी लाल होतं. किती लाल झालं ते यंत्र सांगतं. तुलनेसाठी एका खळग्यात तीव्र डिटर्जंट टाकतात, म्हणजे शंभर टक्के फुटल्यावर रंग कसा दिसतो ते कळतं. निम्म्या पेशी फुटायला किती औषध लागलं, हा दुसरा आकडा.

आता दुसऱ्याला पहिल्याने भागा. समजा, तुमच्या रेणूला जिवाणूसाठी ४ लागतात आणि रक्तपेशी फोडायला ४००. भागाकार १००. छान, मधे भरपूर मोकळी जागा आहे. दुसऱ्या रेणूला जिवाणूसाठी १ पुरतो, पण रक्तपेशी ८ लाच फुटतात. भागाकार ८. जिवाणूंविरुद्ध हा दुसरा चौपट जोरदार आहे, तरीही औषध म्हणून पहिलाच बरा.

म्हणूनच ‘आमच्या रेणूने शंभर टक्के जिवाणू मारले’ अशी बातमी वाचली की मी आधी शोधतो, की आपल्या पेशींचं काय झालं ते लिहिलंय का. नसेल, तर बातमी अर्धीच आहे. आणि लिहिलं असलं तरी कोलिस्टिनचा धडा आठवायचा: रक्तपेशी शाबूत म्हणजे किडनी शाबूत असं नाही. किडनीच्या पेशींवर वेगळी चाचणी लागते आणि नंतर प्राण्यांवर.

तीन कान

मातीतल्या जिवाणूने जे दिलं ते निमूट घ्यायचं, असं आता राहिलेलं नाही. ब्रूस मेरिफिल्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये पेप्टाइड बनवायची नवी रीत मांडली. राळेच्या बारीक दाण्यावर पहिला मणी अडकवायचा, मग एकेक मणी जोडत जायचं, मधे नको ते धुऊन टाकायचं. यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. या रीतीमुळे आपण कुठलाही मणी बदलू शकतो, शेपूट लांब-आखूड करू शकतो. जुन्या रेडिओचे कान पिळल्यासारखं.

पहिला कान, शेपटाची लांबी. शेपूट आखूड असेल तर ते पटलात नीट घुसत नाही आणि औषध अळणी होतं. लांब केलं तर जोर वाढतो, पण एका मर्यादेनंतर ते कुठल्याही पटलात घुसायला लागतं आणि रेणूची गत साबणासारखी होते. शिवाय फार लांब शेपटांचे रेणू पाण्यात एकमेकांना चिकटून गोळे करतात, रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात आणि जिवाणूपर्यंत पोहोचणारं औषध उलट कमीच होतं.

शेपटाची ताकद किती, याचं एक सुंदर उदाहरण इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून २००६ मध्ये आलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी फक्त चार मण्यांच्या माळा बनवल्या. नुसत्या माळा निरुपयोगी. त्यांना मेदाम्लाचं शेपूट जोडलं, आणि त्या जिवाणू, बुरशी मारायला लागल्या. कुठला मणी आणि कुठलं शेपूट यांच्या जोडीवर, कोण मरणार ते ठरत होतं.

मग शेपूट कापूनच टाकलं तर? हेही झालंय. फिनलंडमध्ये मार्टी वारा आणि टिमो वारा यांनी १९८३ मध्ये पॉलिमिक्सिन बी चं शेपूट आणि त्याला लागून असलेला एक मणी काढलेल्या रेणूवरचं काम प्रसिद्ध केलं. विषारीपणा खूप उतरला. पण एकट्याने जिवाणू मारायची ताकदही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, असं वाटेल. पण हाती धुपाटणं आलं नाही! त्या रेणूचे पाच प्लस शाबूत होते. तो जिवाणूच्या बाहेरच्या पटलाला चिकटून वीण सैल करत होता, आणि त्या फटींतून दुसरी अँटिबायोटिक्स आत शिरत होती, जी एरवी दाराबाहेरच अडकायची. स्वतः चोर पकडत नाही, पण कडी काढून ठेवतो, असा मदतनीस.

दुसरा कान, प्लस भार. प्लस फार कमी केले तर पत्ता सापडत नाही. भरपूर ठेवले तर किडनीचे हात हौसेने उचलतात. मार्टी वारा यांच्या गटाने २००८ मध्ये पाचऐवजी तीनच प्लस असलेले रेणू मांडले. कुठले तीन ठेवायचे, हे महत्त्वाचं ठरलं. जागा नीट निवडल्या तर त्यातले काही जिवाणूंवर काम करत राहिले, आणि किडनीच्या पेशींना ते कमी चिकटत होते.

तिसरा कान, कड्यातले तेलकट मणी. सहाव्या आणि सातव्या जागी पाण्याला नाखूष असलेले दोन मणी शेजारीशेजारी बसलेले असतात. शेपटासारखेच तेही पटलात घुसायला मदत करतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जागा, तिसरी जागा आणि शेपूट असं सगळं एकत्र बदलत अनेक रेणू तयार केले आणि तपासले. त्यातून निवडलेला क्यूपीएक्स९००३ हा रेणू त्यांनी २०२२ मध्ये मांडला. प्राण्यांमध्ये तो किडनीला जुन्या औषधांपेक्षा सौम्य निघाला आणि फुप्फुसाच्या संसर्गात जास्त उपयोगी. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत तो पोहोचला आहे. तिथून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता लांब असतो, तेव्हा लगेच फटाके नकोत.

यातली खरी शिकवण म्हणजे कुठलाही कान एकटा पिळून भागत नाही. शेपूट आखूड केलं तर मण्यांचा तेलकटपणा बघावा लागतो, प्लस कमी केले तर शेपूट. आमटीत चिंच वाढवली की गूळही बघावा लागतो, तसंच.

रेणू तोच, वेळ वेगळी

एक गोष्ट अशीही आहे जिथे तोल रेणूने नाही, घड्याळाने साधला.

डॅप्टोमायसिन हेही लिपोपेप्टाइड. तुर्कस्तानातल्या अरारात पर्वतावरच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाकडून ते आलं. माळेत तेरा मणी. एलाय लिली या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याची नैसर्गिक शेपटं काढून वेगवेगळ्या लांबीची शेपटं लावून पाहिली आणि दहा कार्बनचं शेपूट निवडलं, कारण त्यात जोर आणि सौम्यपणा यांचा मेळ बरा होता. तरीही माणसांवरच्या चाचण्यांत दिवसातून दोनदा जास्त डोस दिल्यावर स्नायूंना त्रास झाला आणि कंपनीने काम थांबवलं.

१९९७ मध्ये क्युबिस्ट नावाच्या छोट्या कंपनीने ते हक्क घेतले. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं, की दिवसभराचं औषध तेवढंच ठेवून ते अनेक हप्त्यांत दिलं तर स्नायूंना जास्त इजा होते. एकदाच दिलं तर कमी. स्नायूंना सावरायला दोन डोसांमधली मोकळी वेळ हवी होती. आणि जिवाणू मारायला दिवसातून एकदाचा मोठा डोस पुरत होता. डोस दिवसातून एकदा केला आणि २००३ मध्ये अमेरिकेत औषध मंजूर झालं. आजही ते देताना स्नायूंच्या इजेची खूण म्हणून रक्तातलं सीपीके तपासतात.

पण न्यूमोनियात ते चालत नाही. आपल्या फुप्फुसांत एक तेलकट द्रव असतो, ज्यामुळे हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. डॅप्टोमायसिनचं शेपूट त्यातच अडकून बसतं. जे शेपूट शत्रूचं दार फोडतं, तेच इथे चिखलात रुततं.

जिवाणूही शिकतो

शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात काळजीचा वाटणारा. जिवाणूही गप्प बसत नाही. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी एमसीआर-१ नावाचं जनुक जगासमोर आणलं. हे जनुक जिवाणूच्या पटलावरचे मायनस भार झाकतं. पत्त्याची पाटीच पुसली, मग कोलिस्टिनने घर शोधायचं कसं? त्याहून वाईट म्हणजे हे जनुक एका सुट्या गोल डीएनएवर असतं, त्यामुळे एक जिवाणू ते दुसऱ्याला सहज देऊ शकतो. ते डुकरांमध्ये, मांसात आणि माणसांमध्येही सापडलं. जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालायची पद्धत होती, आणि त्यामुळे अशा जिवाणूंचं फावलं. भारतात कोंबड्यांना आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर जनावरांना कोलिस्टिन देण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी आली.

ज्या औषधाचा डोस वाढवायला जागाच नाही, त्याच्याविरुद्ध जिवाणू थोडासा जरी चिवट झाला तरी ते औषध हातातून जातं. त्यामुळे नवे रेणू शोधणं जितकं गरजेचं, तितकंच जुने टिकवणं. पहिलं काम प्रयोगशाळेत चालतं, दुसरं तुमच्या-माझ्या घरातल्या औषधाच्या डब्यात. पाकिटावर लाल रंगाची उभी रेघ दिसली, की ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सर्दीला नाही, शेजाऱ्याची उरली म्हणून नाही, ‘मागच्या वेळी हिनेच बरं वाटलं’ म्हणूनही नाही.

पुढच्या भागात बोलू बुरशीबद्दल. तिच्या पेशी आपल्या पेशींशी जिवाणूंपेक्षा जास्त मिळत्याजुळत्या असतात, त्यामुळे तिथे ओलं आणि सुकं वेगळं करणं आणखी अवघड आहे. प्रश्न पाठवत राहा. भेटू!